काकासाहेबांनी ओढलेली दाढी

मित्रांनो, हसायचं नाही. मी दाढी आहे. खोटी, पांढरी आणि आता अर्धीच उरलेली. शाळेच्या कपाटात पत्र्याच्या पेटीत पडून असते, पण परवाच्या गॅदरिंगला जे झालं त्याचा धक्का अजून उतरला नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कुंभार पिंपळगावपासून जवळच्याच एका गावातला. तिथल्या गोपिकाबाईंकडे शेळ्या होत्या. एका पांढऱ्या शेळीच्या अंगावर मी सुखात वाढत होते. एके दिवशी गोपिकाबाईंनी कातरी घेतली आणि कचाकच मला कापलं. अहो, ना विचारणं ना सांगणं! त्यांचा नातू सुग्रीव हायस्कूलात होता. त्याच्या नंदाबाई मॅडमना नाटकासाठी दाढी हवी होती. "घेऊन जाय," गोपिकाबाई म्हणाल्या, "शेळीला काय करायचीय, तिला कुठं भाषण द्यायचंय!"

नंदाबाई मॅडम मराठी शिकवतात आणि शाळा सुटल्यावर नाटक बसवतात. त्यांनी मच्छरदाणीच्या जाळीवर मला एकेक बट करून शिवलं. तेव्हापासून मी राजा झाले, ऋषी झाले, सावकार झाले, एकदा तर दोन वर्षं लागोपाठ सिंहाची आयाळही झाले. तेही सोसलं. चिकटवताना मॅडम बाभळीचा डिंक कोमट पाण्यात भिजवून लावायच्या आणि काढताना ओल्या फडक्यानं हळूच सोडवायच्या. माझा एक केस कधी तुटला नाही. वर्गात हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलणारा सुग्रीव मला लावून पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. आज तो वाटूर फाट्यावर जीपमध्ये माणसं भरताना असा ओरडतो की झोपलेले प्रवासी उठून बसतात. मॅडम तिथून गेल्या की तो जीप सोडून पाया पडायला धावतो आणि माणसं दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसतात. "काय मिळतं हो मॅडम तुम्हाला या नाटकातून?" असं शिक्षक विचारायचे, तेव्हा मॅडम नुसत्या हसायच्या.

यंदा मात्र हसायची सोय नव्हती. काकासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष झाले होते. मोठे शेतकरी, शब्दाचे कडक. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "यंदा करा नाटक. पण पोरी स्टेजवर बिलकुल नको. एक जरी तक्रार आली तर कायमचं बंद."

आणि मॅडमनी काय करावं? नाटकातल्या म्हाताऱ्याचं काम एका पोरीला दिलं! पोरगी कोण, तर शालू, खुद्द काकासाहेबांची नात! मी पेटीत होते तिथेच गार पडले. तिची आई मीना, म्हणजे काकासाहेबांची सून, हिला तेवढं ठाऊक होतं. घरी सांगितलं होतं की जादा तास चालू आहेत. दाढीमागे कोण आहे ते कोणाला कळणार नाही, असा सगळा भरवसा माझ्यावर! शेळीच्या केसांवर!

बरं, शालूला म्हातारा जमेना. कमरेवर हात ठेवायची, उगाच खोकायची, थरथरायची.

"असला म्हातारा मी कुठं पाह्यला न्हाई," मॅडम म्हणाल्या. "आसपास म्हातारं माणूस असंल ना? त्याला आठ दिवस नीट बघ. नक्कल करू नको. नुसतं बघ."

आठ दिवसांनी शालू तालमीला आली, मला लावलं आणि खाटेवर बसली. समोर सुनेनं ताट ठेवलं. शालूनं ते एका बोटानं पुढे सरकवलं आणि सुनेकडे न बघता समोरच्या भिंतीला म्हणाली, "मीठ न्हाई म्हणावं."

बाई गं! मॅडमच्या हातातली वही गळून पडली. आवाज चढवला नव्हता, शिवी नव्हती, तरी सुनेचं काम करणारा पोरगा खरोखर रडवेला झाला. हा म्हातारा कोणाचा ते मॅडमना तेव्हाच कळलं असणार. त्यांनी वही उचलली. मग म्हणाल्या, "असंच कर." मला वाटलं, संपलं! आता मॅडमची नोकरीही जाते आणि शालूची शाळाही.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. दुपारी मांडव माणसांनी भरला. आणि ऐन वेळी कपाटात डिंकाची पुडी नाही! शाळेत शिपाईकाम करणाऱ्या द्वारकाबाईंनी शांतपणे सांगितलं, "ती व्हय? पोरगी बाळंत झाली ना माझी. वर्षभर पडूनच व्हती, मंग लाडू करून टाकले."

मित्रांनो, माझा डिंक बाळंतिणीनं खाल्ला! मॅडमनी स्कूटीच्या डिकीतून पंक्चरचं सोल्युशन काढलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, पण दाढीचं कोण ऐकतं? शालूच्या कोवळ्या गालावर मला ते फासून घट्ट दाबलं.

पडदा उघडला. पहिल्या खुर्चीवर फेटा बांधून काकासाहेब. शालूनं ताट सरकवलं. "मीठ न्हाई म्हणावं." आणि काकासाहेब खो खो हसले! "वा रे म्हाताऱ्या!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्यामागे सुरुवातीला सगळे हसत होते. मग एक रांग गप्प झाली. मग दुसरी. बायकांच्या बाजूला मीनानं पदर तोंडावर घेतला. गावानं म्हाताऱ्याला ओळखलं होतं. अख्ख्या मांडवात एकटे काकासाहेब हसत होते. माझ्या उभ्या जन्मात मी इतकी घाबरले नव्हते.

शेवटी सून घर सोडून जाते आणि म्हातारा एकटा गप्प बसून राहतो. पडदा पडायच्या आत काकासाहेब नारळ घेऊन स्टेजवर चढले. "कोणाचं हाय हे पोरगं? बराबर म्हातारा केला! तोंड तर बघू दे!" असं म्हणत त्यांनी मला धरलं आणि ओढलं.

"आई गं! आबा, दुखतंय!"

मी मधोमध फाटले. अर्धी त्यांच्या मुठीत, अर्धी शालूच्या गालावर. माईक चालू होता. मांडवात लहान पोरंसुद्धा हलली नाहीत.

काकासाहेबांनी नातीकडे पाहिलं. मग ताटाकडे. मग समोर बसलेल्या गावाकडे, आणि तिथे कोणीच हसत नव्हतं. नारळ त्यांच्या हातातून खाली पडला.

"हा म्हातारा कोण हाय, शालू?"

"मॅडम म्हणल्या, नुसतं बघ," शालू हुंदके देत म्हणाली. "मी तुम्हाला बघितलं, आबा."

मला वाटलं, आता हात उचलतात. मॅडम विंगेतून धावत मधे येऊन उभ्या राहिल्या. पण काकासाहेब खाटेवर बसले आणि म्हणाले, "तेल आणा कोणीतरी. पोरीचा गाल सोलून निघंल."

द्वारकाबाईंनी खोबरेल आणलं. काकासाहेबांनी बोटावर तेल घेऊन माझा एकेक केस सोडवला. पाऊण तास लागला. पुढचे नाच खोळंबले, पण मांडवातून कोणी उठलं नाही. मधेच त्यांनी एवढंच विचारलं, "रोज असंच करतो मी?" शालूनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काकासाहेब एकटेच शाळेत आले. नोकरी गेलीच असं धरून मॅडम कपाट आवरत होत्या, चार्ज द्यायचा म्हणून. त्या उठून उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे, काकासाहेब. शालूची शाळा तेवढी बंद करू नका."

"पुढच्या वर्षी हेच नाटक करा," ते म्हणाले. "शालूच राहू द्या त्यात. पण त्या म्हाताऱ्याला शेवटी काहीतरी बोलायला लावा सुनेशी. नुसता बसून राह्यतो, ते बरं न्हाई."

मॅडमना आधी ऐकलेलं खरंच वाटेना. मग त्यांनी विचारलं, "काय बोलायला लावू?"

काकासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"ते तुम्ही लिहा, मॅडम. मला येत असतं तर मी घरीच बोललो असतो."

ते गेल्यावर मॅडम खाली बसल्या. वही उघडली आणि नाटकाच्या शेवटच्या पानावर 'म्हातारा:' असं लिहिलं. मित्रांनो, आम्हा दाढ्यामिशांना कसर लागली तर लागू द्या. पण तुमच्या शाळेत नाटक बसवणारी अशी कोणी बाई असेल, कोणी सर असतील, तर त्यांना जपा. उद्या शाळेत गेलात की त्यांना एवढं तरी विचारा, "यंदा नाटक कधी बसवायचं?"