सिस्टिममध्ये नसलेला कन्व्हर्टर

बाबा गेल्यावर त्यांच्या टेबलावरचं सामान आणायला मी त्यांच्या कंपनीत गेले. मला त्यातलं एकच हवं होतं : त्यांनी शेवटी हाताने जोडलेला कन्व्हर्टर. बॅटरीचे बारा व्होल्ट चढवून अठ्ठेचाळीस करणारा, जेवणाच्या डब्याएवढा.

विभागाचे साहेब आधी हळहळले, मग कन्व्हर्टरकडे बघून कसनुसे झाले.

"ताई, हा देता येणार नाही. सिस्टिममध्येच नाही तो. हल्ली आपण हाताने काही बनवत नाही. सगळं सिम्युलेशन. संगणकावरच जोडायचं, संगणकावरच तपासायचं."

"पण हा तर समोर आहे."

"दिसतोय हो. पण नाहीये."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. अठ्ठेचाळीस व्होल्टची रेघ, पट्टीने आखल्यासारखी. "बघा, जरा तरी हलतेय?"

"कशाला हलेल?" बाबांच्या शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या. "तिथे वायर तापत नाही, स्विच वीज खात नाही, बाहेर कायम पंचवीस अंश. असा जावई शोधून मिळायचा नाही."

बाईंनी बाबांचा कन्व्हर्टर बॅटरीला जोडला. मीटरवरची रेघ थरथरली. डबा तापू लागला, बारीक गुणगुणू लागला.

"बघा!" साहेब खूश झाले. "प्रत्यक्षात चूक आहे!"

घरी काम करताना बाबाही असेच एका सुरात गुणगुणायचे. बाईंचा हात बटणाकडे गेला तशी मी म्हटलं, "राहू द्या ना जरा."

बाईंनी राहू दिलं.

मग साहेब हळूच म्हणाले, "ताई, माझी अडचण समजून घ्या. गेट पासवर कन्व्हर्टर लिहिला, तर आपल्याकडे तो बनला असं होतं. वरचे माझी सालटी काढतील."

"मग लिहू नका," बाई म्हणाल्या. "नसलेली वस्तू नेऊ नये असा कुठे नियम आहे?"

साहेबांनी डोकं खाजवलं. असा नियम त्यांनाही आठवेना. शेवटी ते स्वतः मला सोडायला फाटकापर्यंत आले.

"हातात काय आहे?" पहारेकऱ्याने विचारलं.

साहेब दुसरीकडे बघत म्हणाले, "काही नाही. जाऊ दे त्यांना."

पहारेकऱ्याने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"काही नाही बरंच जड दिसतंय, ताई," तो म्हणाला आणि फाटक उघडून धरलं.