पाच किल्ट

आमच्या डोंगरभटक्या मंडळाच्या कप्तानानं उभी हयात वीजमीटर वाचण्यात काढली होती. दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे त्यानं कधी पाहिलं नाही. आकडा बघायचा, टिपायचा, पुढच्या घरी जायचं. डोंगरावरही त्याची तीच पद्धत होती. तो सगळ्यांत शेवटी चालायचा, आणि चढावर पुढच्यांचे फक्त कमरेखालचे भाग दिसतात म्हणून तेवढेच मोजायचा. त्यासाठी कमरेखाली सगळ्यांनी एकाच कापडाचं घालायचं, असा दंडक होता. थंडीत राखी पँटी असायच्या. आकडा भरला की पुढं निघायचं, मागं वळून बघायचं नाही. कमी भरला तरच शोधायला जायचं.

या खेपेला ऊन एवढं होतं की राखी पँटीत आम्ही शिजलो असतो. म्हणून बैठक भरली, ताईच्या कारखान्यात. माझी थोरली बहीण पडदे शिवायची. बसायला जागा नव्हती, तेव्हा सगळे कापडाच्या गठ्ठ्यांवर बसले.

"शॉर्ट्स," मी म्हणालो. "त्यात विचार काय करायचाय?"

"काटे आहेत, गोचिडी आहेत," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "आणि गुडघ्यामागं ऊन लागलं की चार दिवस बसता येत नाही. मी स्कर्ट म्हणते. खेळती हवा, आणि आडोशाला जायचं तर सोपं."

"कड्यावर वारा असतो बाई," ग्रंथपाल म्हणाले. एवढंच बोलून ते लाजले.

पाववाल्याच्या मांड्या एकमेकींना घासायच्या. शॉर्ट्सचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला होता. पण स्कर्टला त्याची तयारी नव्हती.

"मग किल्ट," ताई म्हणाली. "स्कॉटलंडातले पुरुष घालतात तो. स्कर्टइतका मोकळा, पण जड. चुण्या असतात, उडत नाही. बाजूनं पट्टा ओढला की सुटतो."

"मी घागरा घालणार नाही!" पाववाला म्हणाला.

"घागऱ्याचीच अब्रू जाईल तुमच्यामुळं," दंतवैद्यबाई म्हणाल्या.

"चुण्या लांबून दिसतात," कप्तान म्हणाला. "मोजायला बऱ्या."

विषय संपला. ताईकडं हॉस्पिटलातल्या खाटांभोवती लावायचा हिरवं कापड उरलं होतं. त्यातून तिनं पाच किल्ट बेतले. कप्तान स्वतःला मोजत नसल्यामुळं त्याला राखी पँटच राहिली. "वाटेत शिडी आहे," ताईनं सगळ्यांना बजावलं. "आत चड्डी घाला. खालून चढणाऱ्याचा जीव आहे, त्याचा विचार करा."

ती शिडी म्हणजे कड्याला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या. खालच्या पायऱ्या गंजून गळून पडलेल्या. खालून कुणाचा खांदा किंवा वरून कुणाचा हात मिळाल्याशिवाय तिथं ना चढता येत, ना उतरता येत. एकट्या माणसाचं ते काम नव्हतं.

चढताना सगळं सुरळीत झालं. किल्ट खरंच थंड होता. पाववाला तर वर पोचेपर्यंत शीळ घालायला लागला. वरच्या झऱ्यापाशी खाऊन झाल्यावर ताई खडकाआड गेली. कप्तानानं थोड्या वेळानं पाठमोऱ्या माणसांवरून बोट फिरवलं, "भरले," म्हणाला, आणि आम्ही निघालो.

शिडी उतरून दगडांच्या उतारावर आलो तेव्हा मी ताईला पाण्याची बाटली मागितली. ताई नव्हती.

"ताई कुठंय?"

"पाच आहेत," कप्तान म्हणाला.

मी मोजले. दंतवैद्यबाई, ग्रंथपाल, पाववाला, मी. आणि सगळ्यांच्या पुढं आणखी एक हिरवा किल्ट चालला होता. त्याच्या खालच्या पोटऱ्या लांबसडक होत्या. ओरखडा नाही, धूळ नाही, घाम नाही. त्या दिवसभर चाललेल्या पायांसारख्या दिसत नव्हत्या.

"हा कोण?" मी पाववाल्याला हळूच विचारलं.

"तो? असेल की सकाळपासून. छान चालतो."

"तोंड पाहिलंत?"

"पाठीमागून तोंड कसं दिसणार? काहीतरीच विचारतोस, धाकट्या."

मी वर बघून हाका मारल्या. कड्यावरून काहीही उत्तर आलं नाही. पुढचे पाय मात्र थांबले. वळले नाहीत, नुसते वाट बघत उभे राहिले.

"कप्तान, माझी बहीण वर राहिलीय. तिला एकटीला शिडी उतरता येणार नाही."

"आकडा भरलाय."

"माणूस कमी आहे हो!"

"माणूस कमी असता तर आकडा भरला असता का?" तो शांतपणे म्हणाला. हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकांची त्याला सवय होती.

मी एकटा जाऊन उपयोग नव्हता. शिडीला खांदा लागणार होता. मग मी एकच केलं. पट्टा ओढला आणि किल्ट काढून पाठीमागं धरला.

कप्तानाचं बोट चारवर थांबलं. "एक गेला!" तो ओरडला आणि शिट्टी फुंकली. सगळे गर्रकन वळले. एवढी शिस्त मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"धाकट्या!" पाववाला माझ्या कानाशी ओरडत पळत होता. "ए धाकट्या!"

"मी इथंच आहे."

"गप्प बस रे, ऐकू येऊ दे!"

ताई शिडीच्या वरच्या टोकाला पाय लोंबकळत सोडून बसली होती. पाववाल्यानं खांदा दिला, ती उतरली.

"हाका का नाही मारल्यास आधी?" मी म्हणालो.

"बाहेर आले तर तुम्ही चालला होतात. मी मोजले. पाच दिसले. मला वाटलं, मीही गेले तुमच्याबरोबर."

कप्तानानं पुन्हा बोट फिरवलं. पाच. त्याचा जीव भांड्यात पडला. मी किल्ट परत कमरेला लावायला गेलो, तसा तो गरजला.

"एक जास्त! काढ तो."

"अहो, हा माझा भाऊ आहे," ताई म्हणाली.

"असेल बाई. पण आकड्यात नाही. जास्तीचा माणूस खाली न्यायचा नसतो. त्याला इथं थांबव."

"आणि तो?" ताईनं पुढं बोट केलं. हिरव्या चुण्या जराही हलत नव्हत्या. "त्याला मी किल्ट शिवलेला नाही."

"तो पाचात आहे."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी मी कुणाची काच फोडली की तिथून पळ काढण्याआधी ती असंच बघायची. मग तिनं आपला पट्टा ओढला. आत जुनी गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स होती. किल्ट तिनं दगडावर ठेवला.

"एक गेला!" कप्तानाची शिट्टी वाजली. "वर चला!"

"नका जाऊ!" मी ओरडलो. "पाववाले, तुम्हीही काढा तो!"

पाववाला कानापर्यंत लाल झाला. "कसा काढू? आत काही नाहीये."

"ताईनं सांगितलं होतं ना?"

"मांड्या घासतात रे!"

"इथं माणूस हरवलंय," दंतवैद्यबाई जाता जाता म्हणाल्या, "आणि तुम्हाला दोघांना कपडे काढायचं सुचतंय." ग्रंथपालांनी तर आमच्या पायांकडे बघायचं टाळलं. लांब पोटऱ्या शिडीवर सगळ्यांत आधी चढल्या. त्यांना खांदा लागला नाही. मागून बाकीचे ताईच्या नावानं हाका मारत गेले. ताईनं तीनदा ओ दिली. मग दिली नाही.

शिडीवर चढत्या चुण्या खालून स्पष्ट दिसत होत्या. मी मोजायचं नाही असं ठरवून मोजल्या. पाच किल्ट होते. ताईनं दगडाकडं पाहिलं. दगडावर काही नव्हतं.

"भरले!" कप्तानाचा आवाज आनंदानं चिरकला. आकडा भरला होता, तेव्हा परत फिरायचं काही कारण उरलं नव्हतं. पुढं म्हणजे आता वर. त्यानं हात उंच केला आणि त्याला ओढून घ्यायला वरून एक हात खाली आला. स्वच्छ, घाम नसलेला हात. कप्तानानं तो धरला. वर बघितलं नाही.

थोड्या वेळानं हाकाही थांबल्या.

"चल," ताई म्हणाली. "आणि तुझा इथं टाकू नकोस."

मी किल्ट काखेत घट्ट दाबला. वारा पडलेला होता, झाडाचं पान हलत नव्हतं, तरी त्याचं एक टोक कुणी ओढल्यासारखं मागं जात होतं. ताईनं ते टोक मनगटाला गुंडाळलं, दुसरं मी गुंडाळलं, आणि तो तसा दोघांच्या मध्ये ताणून धरत आम्ही उतरायला लागलो.