हवालदार मल्हारीचा मेंढरांसहित सत्कार

सत्कार पहिला ते सहावा

शाल, श्रीफळ, फेटा. फेटा, श्रीफळ, शाल. एकदा नुसतंच श्रीफळ, कारण शाल आणायला गेलेला माणूस सेलूतच राहिला.

बावीस वर्षं फौजेत काढून मल्हारीला घरी येऊन एकवीस दिवस झाले होते. तेवढ्यात वालूरच्या आसपास त्याचे सहा सत्कार उरकले. ‘आता पुढं काय करणार?’ असं मात्र एकाही माइकवरून कुणी विचारलं नाही. विचारलं ते बायकोनं, आणि उत्तरही तिनंच ठरवून टाकलं.

दैवशालाचं उत्तर

“परभनीला बँकेच्या दारात बंदूक घिऊन हुभं राहायचं. कागद आलाय न्हवं? एक तारखेला निघा.”

“बावीस वर्षं हुभाच व्हतो. आता मेंढरं राखतो.”

दैवशाला हसली नाही, हेच त्याला जास्त लागलं. ऐंशी मेंढरांचा कळप इतकी वर्षं तिनं एकटीनं सांभाळला होता.

“एक तरी मेंढरू वळखतं का तुमाला? परवा कोकराला ‘सावधान’ म्हनलाव तुमी.”

“सवय हाय गं.”

“त्येलाबी हाय. माझी.” तिनं काठी त्याच्या हातात दिली. “बरं, आज भुजंगरावाच्या रानात मेंढरं बसवायचीत. रातभर बसली की रानाला खत व्हतंय, त्यो चार दिस झाले वाट बघायलाय. मी म्होरं जाऊन जाळी लावते. तुमी एकट्यानं कळप आना. दिस बुडायच्या आत समदी आली, तर बंदुकीचं नाव काढनार न्हाई. एक जरी मागं राहिलं, तर एक तारीख.”

कूच

मल्हारी कळपाच्या पुढं उभा राहिला. “चल!” मग हिंदीत. मग जिथं जिथं नोकरी झाली तिथल्या दोन-तीन भाषांत. मोठा मेंढा खाली बसला. मेंढरांच्या लेखी हा माणूस पाहुणा होता, आणि पाहुण्याच्या मागं कुणी घर सोडून जात नाही.

शेवटी तो मागं गेला, काठी आपटली, आणि कळप निघाला. कुठं, ते कळपालाच ठाऊक.

सत्कार सातवा

अर्ध्या वाटेवर, फाट्यावर, हलगी वाजायला लागली. युवक मंडळाचा अध्यक्ष योगीराज चार कार्यकर्ते आणि टोपलंभर हार घेऊन रस्त्यात आडवा उभा होता.

“फौजी, दोनच मिनटं!”

“अरे बाबा, मेंढरं हायत संगं...”

“ती बी बगतील की!”

हलगीनं कळप फुटला. वीस मेंढरं कांद्याच्या रानाकडं, दहा शाळेच्या पटांगणात, बाकीची नुसतीच गोल. मल्हारी काठी उगारून धावणार, तेवढ्यात गळ्यात हार पडला आणि अंग आपोआप ताठ झालं. सत्कारात हलायचं नसतं.

म्हातारी मेंढी जवळ आली. तिनं हार हुंगला. एक झेंडू ओढला, चावला, दुसरा ओढला. तिचं बघून मेंढा आला. पटांगणातली आली. कांद्यातली आली. हवालदार ताठ मानेनं उभा, आणि छातीवर ऐंशी तोंडांची गर्दी.

मल्हारी एक पाऊल मागं सरला. कळप एक पाऊल पुढं आला.

“योगीराज, आनखी किती हार हायत?”

“हायत की. सोसायटीचा, भजनी मंडळाचा...”

“समदे घाल. हलगी बंद. आन् भाषन चालता चालता कर.”

भाषण

“या मातीच्या सुपुत्रानं सीमेवर...”

“ते लंगडं मागं राहिलंय, हाक!”

“...सीमेवर ऊन बघितलं न्हाई, वारा...”

“डावीकडनं! डावीकडनं ये!”

“...फौजी, माजी चप्पल तुटली.”

“हातात घे. बोल म्होरं.”

भुजंगरावाचं रान

दिवस कासराभर वर असताना कळप पोचला. मल्हारीच्या गळ्यात नुसते दोरे लोंबत होते. दैवशालानं जाळीच्या तोंडाशी उभं राहून एकेक मेंढरू आत घेतलं.

“ऐंशी. आन् ह्ये पाच कोन?”

“युवक मंडळ,” योगीराज धापा टाकत म्हणाला.

“समदी आली. बंदुकीचं नाव न्हाई काढत,” ती म्हणाली. “पर ही हारानं आलीत. उद्या कोन सत्कार करनार हाय?”

मल्हारीनं खरं तेच सांगितलं. “कुनीच न्हाई.”

“मंग?”

“मंग तुजी हाळी शिकव मला.”

“लय दिस लागतील.”

“लागू दे. फौजेत नऊ म्हैने लागले. शिकवनारा शिव्या बी द्यायचा.”

“त्या मी बी देईन.” तिनं तोंडापुढं हात धरून लांब हाळी दिली. ऐंशी माना एकदम वर झाल्या. “हां. आता तुमी.”

मल्हारीनं छाती भरून हाळी दिली. एकही मेंढरू वळलं नाही. गावाकडं निघालेला योगीराज आणि त्याचे चौघे मात्र जागच्या जागी थांबले.

“बरं हाय,” दैवशाला पदर तोंडाला लावत म्हणाली. “मानसं तर वळायलीत.” आणि जाळीचं टोक तिनं त्याच्या हातात दिलं. “ह्ये त्या खुट्याला बांदा. न्हाई, तसं न्हाई. सोडा, परत बांदा.”