अकरा वर्षांची शिंक

पेशंट: नवरा.
तक्रार: उजवा घोटा मुरगळला.
कधीपासून: चार दिवस.
सोबत कोण आलं आहे: बायको.

फॉर्मात बायकोच्या वाट्याला ही एकच ओळ होती. सगळा फॉर्म मात्र तिनंच भरला, कारण नवऱ्याचा घोटा दुखत होता. घोट्यानं कोणी लिहीत नाही हे खरं, पण दुखणाऱ्या पुरुषाला असलं काही विचारायचं नसतं.

बॅडमिंटन खेळून झाल्यावर पायरी उतरताना त्याचा पाय वळला आणि अख्खं घर लंगडायला लागलं. सासूबाईंनी लेकाच्या पायाखाली स्वतःची उशी दिली. चार दिवसांत त्या घोट्याला बघायला जेवढी माणसं आली, तेवढी तिच्या दोन बाळंतपणांत मिळूनही आली नव्हती.

तिची तक्रार कुठल्याच फॉर्मात नव्हती. शिंकली की थोडी लघवी सुटायची. खोकली तरी, हसली तरी. धाकट्याच्या जन्मापासून. आणि धुळीची ॲलर्जी असलेली ही बाई नोकरीला कुठे, तर वाचनालयात, देवघेवीच्या टेबलावर. यावर ती स्वतःच पोट धरून हसली असती, पण तेही परवडणारं नव्हतं.

सासूबाईंना तिनं एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बाईमाणसाला चालायचंच गं. मी कधी बोलले का?"

खरंच बोलल्या नव्हत्या. फक्त वीस वर्षं कुठल्या गावाला गेल्या नव्हत्या.

(इथे गोष्ट थोडी थांबवून अडचण सांगायला हवी. वाचनालयात वर्षातून एकदा तळघरातल्या पुस्तकांची मोजणी होते. गेल्या वर्षी तिथल्या धुळीनं शिंकून शिंकून ती मोजणी अर्धवट टाकून तीनदा बाहेर गेली आणि साहेबांनी शेरा मारला: 'कामाच्या वेळी जागेवर नसतात.' संदर्भ विभागाची प्रमुख व्हायची आता तिची पाळी होती. असाच दुसरा शेरा पडला की पाळी गेली. मोजणीला चार महिने होते.)

फिजिओथेरपिस्ट बाईनं नवऱ्याला एका पायावर उभं राहायला सांगितलं. भिंत धरत तो म्हणाला, "मॅडम, बायकोपुढे मी रोजच एका पायावर उभा असतो."

खोलीतले सगळे हसले. बायकोनं पायावर पाय घट्ट टाकला आणि ओठ मिटले.

फिजिओनं ते पाहिलं. "ताई, जरा आत या. ह्यांना पट्टी कशी बांधायची ते दाखवते."

पडद्यामागे पट्टीबिट्टी काही नव्हती.

"हसताना लघवी सुटते ना?"

"चालायचंच हो ते."

"घोटाही चालायचाच म्हणून सोडला नाहीत. रजा काढून आलात."

कधीपासून: अकरा वर्षं.

तपासून झाल्यावर फिजिओनं समजावलं. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचेत असं समजून खालचे स्नायू आत-वर ओढायचे. श्वास चालू ठेवायचा. पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. "आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी ओढून धरायचं, मग शिंकायचं. तीनेक महिने लागतील."

घरी व्यायामाला जागा नव्हती, सगळीकडे घोटा पसरला होता. त्याच्या व्यायामाची वेळ झाली की तो म्हणायचा, "तू करून दाखव, मी बघतो." ती एका पायावर मिनिट मिनिट उभी राहायला शिकली. तो बघायला शिकला.

म्हणून तिनं आपला व्यायाम टेबलावर नेला. हिशोब सोपा: पुस्तक दिलं की आवळायचं, परत आलं की सोडायचं.

तीन आठवड्यांनी ओटीपोट दुखायला लागलं, कंबर धरली आणि शिंकेचं तर विचारूच नका. दोघं पुन्हा गेली. नवऱ्याचा घोटा जागच्या जागी होता. "व्यायाम नियमित चाललाय," असं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

पडद्यामागे फिजिओनं विचारलं, "मोजता कशा?"

तिनं पद्धत सांगितली, जरा अभिमानानंच.

"दिवसात पुस्तकं देता किती?"

"शंभरेक."

"आणि टेबलावर परत किती येतात?"

"टेबलावर नाही येत. परतीची बाहेरच्या पेटीत टाकतात. शिपाई काढतो."

फिजिओनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे सोडायचं काम शिपायाकडे?"

बाईनं बोटांवर हिशोब करून पाहिला.

"ताई, तीन आठवडे आवळून बसलात तुम्ही. स्नायू थकून गेला बिचारा. पूर्ण सोडणं हाही व्यायामच आहे. थोडे दिवस नुसतं सोडायला शिका, मग पुढचं."

घर, नवरा, साहेब, सगळ्यांनी आयुष्यभर आवरून धरायलाच शिकवलं होतं. पैसे घेऊन सोडायचे धडे देणारी ही पहिलीच भेटली.

मग ती वाचनालय उघडायच्या आधी जायला लागली. शब्दकोशांच्या कपाटामागे स्टूल टाकून बसायची. धर, सोड. धर, सोड.

"रोज लवकर कुठे निघतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमच्या घोट्यासाठीच चाललंय सगळं," ती म्हणाली. तो समाधानानं कुशीवर वळला.

मोजणीच्या दिवशी साहेब तळघराच्या दारात खुर्ची टाकूनच बसले. अकराव्या कपाटाशी तिच्या नाकात धूळ गेली. तिनं आधी धरलं, मग शिंकली. सात वेळा, वरच्या वाचनकक्षात लोकांनी मान वर करावी अशी. मग वाट पाहिली.

कोरडी.

"ॲलर्जी अजून आहे वाटतं," साहेब म्हणाले.

"आहे की. तेवढीच उरलीये," ती म्हणाली आणि हसत सुटली. साहेबांना विनोद कळला नाही. पण बाई संध्याकाळपर्यंत जागेवर होत्या, आणि शेऱ्याची जागा त्यांना कोरीच सोडावी लागली.

त्या आठवड्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या त्या बाईकडे मलाही ने एकदा. गुडघा दाखवायचाय."

"आणि मी घरी एकटा? ह्या पायानं?" आतून नवऱ्याचा आवाज आला.

"एका पायावर उभे राहा," ती म्हणाली.

सासूबाई खुदकन हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पायावर पाय घट्ट टाकला.

पेशंट: सासूबाई.
तक्रार: गुडघा.

सुनेनं 'गुडघा' खोडला. सासूबाईंनी पाहिलं, आणि पुढची ओळ स्वतःच सांगितली.

कधीपासून: चाळीस वर्षं.