बोट ठेवलेली जागा

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे आम्ही माना वर केल्या. तोवर टेबलावर पसरलेल्या नकाशाकडे सगळे बघत होतो: मी, माझे सासरे माहत्ते, माझ्या मांडीवर पाच वर्षांची रिस्तेन, आणि समोर राजधानीतून, ऑस्लोहून आलेली सिन्ने.

सिन्ने सरकारच्या योजनेवर काम करत होती. देशातली सगळी वाहनं विजेवर न्यायची, तर उत्तर टोकाच्या आमच्या पठारावरही चार्जर हवेत, आणि चार्जर हवेत तर विजेची नवी लाइन हवी. ती तळ्याच्या काठानं न्यायची की दक्षिणेच्या उतारावरून, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तिनं विचारलं होतं, "तुमच्या रेनडियरच्या माद्या वितात कुठे? ती जागा सोडून नेऊ आम्ही."

मी कॉफी ओतायला उठले. चार्जर मला नको होता असं नाही. आमची गाडी विजेचीच, आणि कडाक्याच्या थंडीत तिची बॅटरी निम्मीच साथ देते. रिस्तेनला दमा आहे. हिवाळ्यात तिला दवाखान्यात नेताना वीज पुरावी म्हणून मी गाडीतला हीटर बंद ठेवते, तिला कातड्यात गुंडाळते आणि वाटभर मागच्या सीटवरच्या त्या बारीक शिट्टीसारख्या श्वासाकडे कान लावून बसते. पण दक्षिणेचा उतारही आमचाच. बर्फ तिथे आधी वितळतं, काळी जमीन आधी दिसते, आणि आमची सगळी पिल्लं तिथेच जन्मतात. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं रिस्तेनचं स्वतःचं पिल्लूही गेल्या वसंतात तिथेच झालं. विजेच्या तारांखाली माद्या जात नाहीत. तो उतार गेला की कळप गेला, आणि माझा नवरा, इस्सात, त्या कळपामागेच जन्म काढतोय.

सासऱ्यांनी आमच्या रीतीनं कॉफीत वाळलेल्या मांसाचे तुकडे टाकले आणि वाटी पाहुणीपुढे सरकवली. तिनंही तसेच टाकले, न विचारता. मला ते खटकलं.

"आणि रेनडियरला प्लग कुठे लावायचा, तेही ठरलंय का ऑस्लोत?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते तुमच्यावर सोडलंय," सिन्ने म्हणाली, आणि दोघंही हसले.

मग हसता हसताच सासऱ्यांनी नकाशावर बोट ठेवलं. तळ्याच्या काठावर.

रिस्तेननं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडात मांसाचा तुकडा ठेवला आणि तिच्या केसांवर हनुवटी टेकली. ती चघळत राहिली.

सिन्नेची गाडी आवाज न करता निघून गेली. सासरे खिडकीतून बघत होते. "कळप केवढा, हे विचारलं नाही तिनं," ते म्हणाले.

आम्हा रेनडियर पाळणाऱ्यांत ते कुणी कुणाला विचारत नाही. दुसऱ्याच्या पाकिटात डोकावल्यासारखं होतं. पण देशाच्या दक्षिणेकडून आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो, आणि आम्ही हसून हवापाण्यावर येतो.

"चांगली रीत आहे की तिला," मी म्हटलं.

"रीत नव्हे, रावना. पढवून पाठवलंय तिला. माझ्या बापानं धरणवाल्यांना खरी जागा दाखवली होती. आज तिथे मासे वितात."

मग माझ्याही मनात एकेक गोष्ट उलटी फिरू लागली. ते हसणं, ते कॉफीतलं मांस, तिनं केलेलं रिस्तेनच्या टोपीचं कौतुक. इतकं गोड माणूस काहीतरी न्यायलाच येतं, असं मी स्वतःला समजावलं. इस्सातला फोनवर सांगितलं, तर तोही म्हणाला, बाबांनी बरं केलं.

बर्फ भुसभुशीत व्हायला लागलं तेव्हा सिन्ने पुन्हा आली. या वेळी हातात केक होता. कोट काढायच्या आधीच तिनं नकाशा उलगडला. तिनं सांगितलं, तळ्याकाठची लाइन स्वस्तात झाली असती, वरच्यांना तीच हवी होती. पण ती त्यांच्याशी भांडली, दोन बैठका तिनं एकटीनं लढवल्या, आणि शेवटी लाइन तळ्यापासून हलवली.

"तुमची जागा वाचली," ती म्हणाली.

लाल रेघ दक्षिणेच्या उतारावरून सरळ वर गेली होती.

मी तिच्या चेहऱ्यात खोट शोधली. आधी डोळ्यांत, मग हसण्यात. थकवा दिसला, थोडा अभिमान दिसला. खोट काही सापडेना. म्हणजे ती खरंच आमच्यासाठी भांडली होती. नाही तर ही एवढी तयारीची असेल, की हिची खोट दिसतच नाही? आता खरं सांगितलं तर आधीचं खोटं कबूल करावं लागणार, सासऱ्यांना तिच्यासमोर मान खाली घालावी लागणार. आणि दोन जागा दाखवणाऱ्याची कुठलीच जागा कुणी खरी धरत नाही. सासरे कपात चमचा फिरवत होते. ते कॉफीत साखर घालत नाहीत.

रिस्तेन खुर्चीवर गुडघे टेकून नकाशावर वाकली. तिनं लाल रेघेवर बोट ठेवलं आणि आमच्या भाषेत म्हणाली, "आई, माझं पिल्लू इथे झालं होतं."

"काय म्हणतेय ती?" सिन्नेनं हसून मला विचारलं.

सासऱ्यांचा चमचा थांबला. ते माझ्याकडे बघत होते. मी केकची सुरी उचलली, ठेवली.

रिस्तेन माझ्या कानाशी आली. तिच्या श्वासाला दुधाचा वास होता.

"तिला आपली भाषा येत नाही," ती कुजबुजली. "मी तिच्या भाषेत सांगू का, आई?"