इसिद्रोच्या हातचं पिस्तूल

इसिद्रो मायदानाची सारी उमर पोलिसात गेली. निवृत्त झाल्यावर घरात त्याच्याकडे एकच काम उरलं, मुलाचं पिस्तूल. एल्वियो संध्याकाळी ठाण्यातून आला की दारातच ते बापाच्या हातात द्यायचा. म्हातारा मॅगझिन काढायचा, आतली गोळी बाहेर पाडायचा आणि नातीचा हात पोचणार नाही असं सगळं कपाटाच्या माथ्यावर ठेवायचा. सकाळी तोच भरून परत द्यायचा. सून नोर्मा नवऱ्याला चिडवायची, "लग्न माझ्याशी केलंस, पण पिस्तुलाचं लग्न बाबांशी लावलंस." एल्वियो हसून सोडून द्यायचा. चाको प्रांतातल्या त्या कापसाच्या गावात म्हाताऱ्यांना दुसरं करायला होतं तरी काय? उकाडा सोसायचा आणि एकमेकांच्या मयतीला जायचं.

बापलेकात कुरबुर व्हायची ती भरण्याच्या रीतीवरून. इसिद्रोच्या काळातलं पिस्तूल जड होतं. नळीत गोळी असताना तिच्यावर आपटणारा पाठीवरचा घोडा मागे ओढून खटका लावला की ते तसंच कमरेला बाळगता यायचं. पण एका हवालदाराने ठाण्याच्या बाकावर बसता बसता स्वतःचीच मांडी फोडून घेतली आणि वरून हुकूम आला: मॅगझिन भरलेलं ठेवा, नळीत मात्र गोळी नको. वेळ आली तर वरचं पोलाद मागे ओढून सोडायचं, मग गोळी नळीत चढते. इसिद्रोने नोकरीभर तेच केलं.

एल्वियोच्या नव्या पिस्तुलाची तऱ्हा वेगळी होती. यात गोळी आधीच नळीत चढवायची आणि बाजूचा खटका खाली दाबायचा, म्हणजे उठलेला घोडा बार न उडता खाली बसतो. मग खटका पुन्हा वर. पहिल्या वेळी चाप लांब आणि जड लागतो, त्यामुळे चुकून बार होत नाही, आणि मनापासून ओढला तर झाल्याशिवाय राहत नाही.

"जिवंत गोळीवर घोडा पाडायचा?" म्हातारा दर दोन दिवसांनी म्हणायचा. "ज्याने हे काढलं त्याच्या कमरेला बांधा आधी!"

"बाबा, घोडा मधेच अडतो. गोळीपर्यंत पोचतच नाही. किती वेळा दाखवलं तुम्हाला."

"माझ्या डोक्यात शिरलंय रे. हातांच्या डोक्यात शिरत नाही."

असं म्हणून तो गोळी चढवायचा, तोंड वाकडं करून खटका दाबायचा आणि पिस्तूल मुलाच्या हातात ठेवायचा. एल्वियो ते न बघताच कमरेला लावायचा. सगळ्यात वाईट गोष्ट ही, की घोडा खाली असला की गोळी चढवलेलं पिस्तूल आणि न चढवलेलं पिस्तूल वरवर पाहणाऱ्याला सारखंच दिसतं.

त्या मंगळवारी सकाळी नातीला ताप होता. नोर्मा तिला घेऊन येरझारा घालत होती, दूध उतू गेलं होतं, आणि बाहेर एल्वियोचा जोडीदार लेस्कानो गाडीचा भोंगा वाजवत, म्हाताऱ्याला मानाने 'डॉन' म्हणत ओरडत होता. "डॉन इसिद्रो, तुमच्या राजपुत्राला सोडा की आता!" रविवारी याच घरात जेवणारा, आईचा एकुलता एक, तोंडाळ पोरगा. इसिद्रोने मॅगझिन बसवलं, पिस्तूल मुलाला दिलं आणि नातीच्या कपाळावर हात ठेवायला वळला.

दुपारी पेट्रोलपंपावर मोटारसायकलवरून दोघे चोर आले. एल्वियोने पिस्तूल आधी काढलं होतं. समोरचा पाच पावलांवर होता, त्याचा हात अजून जाकिटातच होता. एल्वियोने चाप ओढला आणि नुसता खट् असा आवाज आला. त्याने पोलाद मागे ओढून गोळी चढवेपर्यंत चोराचा बार झाला होता, आणि लेस्कानो मानेला हात लावून पंपापाशी बसला होता. तो परत उठला नाही.

मयतीच्या घरी ठाण्यातले लोक एल्वियोपासून लांब उभे राहिले. लेस्कानोच्या आईने सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "तू पुढे होतास ना?" एल्वियोने हो म्हणून मान हलवली. तिने तोंड फिरवलं. मग ठाणे अंमलदाराने इसिद्रोला कोपऱ्यात घेतलं. "चौकशीत मुलगा म्हणतो, मीच गोळी चढवायला विसरलो. तुमचा मुलगा, डॉन इसिद्रो! लाज वाटली ऐकताना." त्या सकाळी पोलाद ओढल्याचं इसिद्रोला काही केल्या आठवेना. हात सवयीने चुकले, की मनातल्या भीतीने हातांना चुकायला लावलं, हेही त्याला कळेना. एवढं कळलं, की पोराला माहीत नाही आणि आता सांगावं लागणार. सांगितलं की पोराला उरलेला बापाचा एकमेव आधारही तुटणार, याची त्याला भयंकर भीती वाटली.

दफन करून आल्यावर एल्वियो अंगणात झाडाखाली बसला होता. इसिद्रो समोर खुर्ची ओढून बसला. शिंगाच्या पेल्यात कडू पाला भरला, त्यात ओढून प्यायची नळी खोचली, वरून बर्फाचं पाणी ओतलं. हे गार तेरेरे पिताना तरी पोरगा बोलेल, असं त्याला वाटलं.

"एल्वियो, तू नाही विसरलास. मी विसरलो. त्या सकाळी मी गोळी चढवलीच नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"खट् वाजलं तेव्हापासून. दुसरं कोण भरतं ते?"

"मग माझं नाव का नाही सांगितलंस? मी उद्या जातो ठाण्यात. लेस्कानोच्या आईकडेही जातो."

"जा. पण त्याने काही बदलत नाही, बाबा. पिस्तूल कुणाच्याही हातून घेतलं तरी आधी आपण उघडून बघायचं. हे मला तुम्हीच शिकवलंत, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. ठाण्यात मी सगळ्यांचं बघतो. लेस्कानोने दिलेलंसुद्धा बघायचो." त्याने बापाच्या हातांकडे बघितलं. "तुमचं नाही बघितलं. कधीच नाही बघितलं."

"मला शिव्या दे, लेका. मार पाहिजे तर."

"कशाला? माझा राग नाही तुमच्यावर."

आणि ते खरं होतं, हे इसिद्रोला त्याच्या आवाजावरून कळलं. त्याला क्षणभर हलकं वाटलं, लाज वाटावी इतकं हलकं. त्याने भरलेला पेला पुढे केला. एल्वियोने तो घेतला. नळी ओठांशी नेण्याआधी तो नकळत थांबला आणि त्याने पेल्यात वाकून बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं, बापाच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही मान खाली घातली.