मावशी सिरियस

लातूर जिल्हा झाला तेव्हा गंज बाजारातल्या व्यापाऱ्यांनी पेढे वाटले होते. सिद्धेश्वरनंही वाटले. जिल्हा झाला म्हणजे आपल्या घराची धर्मशाळा होणार, हे तेव्हा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खाली भांड्यांचं दुकान, वर तीन खोल्या, आणि त्या तीन खोल्यांत उदगीर, निलंगा, चाकूर, जिथून म्हणून नातं लागत होतं तिथून माणसं यायची. कुणाचं कलेक्टर हापिसात काम, कुणाच्या पोराची नोकरीची मुलाखत. "आपलं घर असताना लॉजवर कशाला?" असं सिद्धेश्वरची आई बसम्मा ज्याला त्याला म्हणायची. माणसंही मोठी गुणी, म्हातारीचा शब्द कुणी मोडत नसे.

त्यात दुष्काळ. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. पाहुणे मोकळ्या हातानं येत आणि आंघोळ करून जात. सिद्धेश्वरची बायको शिवकन्या तिन्ही पोरांना एका बादलीत न्हाऊ घालायची आणि तळाला उरेल त्यात स्वतःचं भागवायची. नवरा पाहुण्यांबरोबर गच्चीवर झोपायचा, ती सासू आणि पोरांबरोबर मधल्या खोलीत. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर दुकानात चहा नेऊन द्यायच्या निमित्तानं, आणि तेही गिऱ्हाईक नसताना. गिऱ्हाईक तर हटत नव्हतं. दुष्काळानं प्लास्टिकच्या घागरींना असा उठाव आणला होता की लोकांच्या घशाला कोरड आणि आपल्या गल्ल्यात ओल, हे शिवकन्येला बोचायचं. पण बोचतं म्हणून कुणी दुकान बंद ठेवत नाही.

एका दुपारी कपबशी परत देताना सिद्धेश्वर हळूच म्हणाला, "नांदेडला जाऊ. एकच रात. आपण दोघंच."

"पोरं?"

"आई हाय की."

"न् आत्याबाईला काय सांगायचं?" शिवकन्येनं सासूचं विचारलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. तीन पोरांचे आईबाप एक रात्र दुसऱ्या गावी कशाला जातात, याचं जे उत्तर होतं ते वडीलधाऱ्यांसमोर उच्चारायचं नव्हतं. लग्न त्यांनीच लावून दिलेलं, नातवंडं त्यांनाच हवी होती, पण मधल्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, अशी आपली रीत. देवाला जातो म्हणावं तर बसम्मा पिशवी घेऊन आधी दारात उभी राहिली असती.

"तुझी केवळामावशी हाय की नांदेडला," सिद्धेश्वर म्हणाला. "ती आजारी हाय म्हणू."

"तिला कशाला वो?"

"मंग कुणाला पाडू आजारी? माझ्या आईला?"

शिवकन्येला हसू फुटलं. पदर तोंडावर धरून ती जिना चढली. त्या हसण्याची तिला पुढं फार लाज वाटली.

रात्री जेवताना सिद्धेश्वरनं निरोप आल्याचं सांगितलं. नुसतं आजारी म्हटलं तर आई पंचवीस प्रश्न विचारील म्हणून त्यानं जड शब्द वापरला, "मावशी सिरियस हाय म्हणं." बसम्माचा हात भाकरीवरच थांबला. तिनं मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं, आणि एकही प्रश्न विचारला नाही. पाहुण्यांचेही आवाज खाली आले. सकाळी शिवकन्या उठून पाहते तर सासूनं स्वतः भाकरी-चटणी बांधून ठेवलेली. धाकट्या मन्मथनं "मी पण येतो" म्हणून आईचा पदर धरला, तेव्हा आजीनं त्याला ओढून घेतलं. "न्हाई बाळा, तिथं लेकरं नेत न्हाईत." आणि जाताना तिनं शिवकन्येच्या पाठीवरून हात फिरवला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "धीर धर माय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्या चांदण्यात सगळंच दिसतं असं नाही. शिवकन्येला एवढंच वाटलं की सासू किती भोळी आणि आपण किती नीच. अहमदपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. रानं उघडी पडली होती, टँकरमागं बाया पळत होत्या. लोहा सोडल्यावर सिद्धेश्वरनं पदराखाली तिचा हात धरला, आणि तिनं तो धरू दिला.

नांदेडला वजिराबादेत, टॉकीजच्या मागं एक लॉज होता. तिथल्या माणसानं चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. "मिस्टर-मिसेसच ना? लेकरं न्हाईत संगं?" शिवकन्येनं घाईघाईनं मंगळसूत्र पदराबाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याबरोबर एकटी निघाली, तर पळून आल्यासारखं वाटत होतं.

खोलीला कडी होती. मोरीत नळ होता आणि नळाला पाणी होतं. गरम पाण्याची बादली मागवली तर तीही आली. शिवकन्येनं पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि रडायला यावं इतकं सुख झालं. दुसरा, तिसरा, दहावा. मग तिच्या ध्यानात आलं की आपण रिकामी बादली पायाशी सरकवून सांडलेलं पाणी तिच्यात धरतोय, घरच्या सवयीनं. अर्धी बादली साबणाचं पाणी. घरी ते संडासाला लागलं असतं, नाहीतर तुळशीला. इथं कुणाला द्यायचं? तिनं ती बादली मोरीत उलटी केली आणि पाणी जाळीतून खाली जाईपर्यंत बघत उभी राहिली. आत्ता, या घटकेला, मन्मथ कसल्या पाण्यानं तोंड धूत असेल?

संध्याकाळी दोघं जेवायला गेले. थाळीत बासुंदी होती. "खा की," सिद्धेश्वर म्हणाला. "पोरांनी कधी खाल्ली शेवटची?" ती म्हणाली. मग दोघं पोरांविषयीच बोलत बसले. थोरलीचं गणित, मधल्याचा पडलेला दात. इतकी खटपट करून नवरा-बायको एकटे बसले आणि बोलायला दुसरं काही सापडेना, याचं दोघांनाही हसू आलं. ते हसून झाल्यावर मात्र गाठ सैल झाली. सिद्धेश्वरनं तिला लग्नातल्या गमती सांगितल्या, ती पुन्हा तरुण असल्यासारखी त्याला टोमणे मारत राहिली. त्या रात्रीचं पुढचं दोघांचं दोघांपाशी. एवढं सांगता येईल की तिला गाढ झोप लागली आणि स्वप्नात कुणी पाहुणा आला नाही.

सकाळी केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "मावशीकडं जाऊन येऊ. तेवढंच खोटं कमी हुईल."

केवळामावशी म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं. शिवकन्या मुखेडहून नांदेडला शिकायला आली तेव्हा चार वर्षं मावशीकडंच राहिली होती. मावशीनं तिच्या वेण्या घातल्या, ताप आला तेव्हा रात्री जागून काढल्या. लग्नानंतर दर दिवाळीला मावशीचा निरोप यायचा, लेकरं घेऊन ये म्हणून. मन्मथ पाच वर्षांचा झाला तरी मावशीनं त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. संसार, पाहुणे, पाणी. कारणं सगळी खरीच होती.

चौफाळ्याच्या गल्लीत वळल्यावर तिला मावशीचं घर दिसलं, आणि घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली बाई दिसली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. ती मावशी नव्हती. ती शिवकन्येची आई होती, मुखेडची गुरम्मा.

गुरम्मा त्यांना बघून उठायला गेली आणि तिला उठवेना. "जित्ती हायस का गं?" एवढंच म्हणून तिनं लेकीचे दंड चाचपले, मग जावयाकडं पाहिलं, त्याचेही हातपाय जागेवर आहेत ना ते पाहिलं. आवाजानं केवळामावशी आतून आली. ठणठणीत, हाताला पीठ.

"आले का," मावशी म्हणाली. "कुठं व्हते रातभर?"

झालं होतं ते असं. सिद्धेश्वर "सिरियस" म्हणाला, पण आपल्याकडं मेल्याचा निरोप मेला म्हणून कुणी पाठवत नाही. माणूस वाटेत खचू नये म्हणून सिरियस आहे असाच पाठवतात, आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. बसम्मा समजली. केवळाबाई गेली, आणि मुलगा बायकोपासून लपवून तिला मातीला घेऊन चालला, असं तिनं धरलं. बस निघून गेल्यावर तिला सुचलं की मुखेडला सख्ख्या बहिणीला कळवायला हवं. मुखेड गाडीचा कंडक्टर वाजिदभाई दुकानाचा जुना गिऱ्हाईक. त्याच्याजवळ तिनं निरोप दिला, "नांदेडची केवळाबाई सिरियस हाय म्हणा. लेक-जावई सकाळच्या गाडीनं फुडं गेलेत." वाजिदभाईनं तो जसाच्या तसा, खाली मान घालून गुरम्माच्या दारात पोचवला. गुरम्माही समजली. पेटीतलं नवं कोरं लुगडं घेऊन ती नांदेडच्या गाडीत बसली, कारण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं, आणि माहेरचं आता तीच एक उरली होती.

"गल्लीच्या तोंडापासून रडत आली," मावशी सांगत होती. "आक्का गं, मला सोडून कशी गेलीस गं, म्हणून. मी म्हणलं कोण मेलं बघावं. दारात आले तर ही माझ्याच गळ्यात पडली न् बेसुद."

सिद्धेश्वरनं जमिनीकडं बघत तोंड उघडलं. "बस बंद पडली व्हती लोह्यापाशी…"

"तुमची बस दोनलाच आली," गुरम्मा म्हणाली. "स्टँडवर इचारून आले बसलिंगप्पा भाऊजी. बस आली न् माणसं न्हाईत. रातभर आमी काय काय समजलो सांगू का तुमाला?"

शिवकन्येनं आईकडं पाहिलं. नवऱ्याकडं पाहिलं, तो दुसरं खोटं शोधत होता, आणि त्याला ते सापडलंही असतं. तिला ते नको होतं.

"आमी लॉजवर व्हतो अव्वा," ती म्हणाली. "कुणी आजारी न्हाई, काही न्हाई. आमीच खोटं सांगितलं."

"लॉजवर? कशाला?" गुरम्मानं अगदी साधेपणानं विचारलं.

सिद्धेश्वर चपलांकडं बघत राहिला. शिवकन्येचे कान तापले. मावशीनं एकदा दोघांकडं पाहिलं आणि पिठाचा हात तसाच तोंडावर धरला. हसली की काय झालं ते कळलं नाही. "चल गुरम्मा, आत चल," ती बहिणीला म्हणाली. "थोडं पाणी तर पी आता. कालपासून घोट न्हाई घेतला तू."

तेवढ्यात मावशीचे यजमान बसलिंगप्पा आले. साठी उलटलेला माणूस, सकाळच्या उन्हात सायकल ढकलत आलेला. रात्री सरकारी दवाखाना पालथा घातला होता, पहाटे पोलीस ठाण्यात जाऊन अपघाताची चौकशी केली होती. दोघांना ओट्यावर बघून त्यांनी सायकल भिंतीला लावली. "शरणार्थ," त्यांनी नेहमीसारखाच नमस्कार केला. मग पायरीवर बसले आणि टोपी काढून बराच वेळ डोकं पुसत राहिले. कुठं होता म्हणून त्यांनी विचारलंच नाही. शिवीगाळ केली असती तर शिवकन्येला सोसलं असतं.

ट्रंक कॉल लावून लातूरला शेजारच्या दुकानात मावशी बरी असल्याचं कळवायचं काम निघालं, तेव्हा सिद्धेश्वर सुटल्यासारखा उठून गेला. गुरम्मा आतल्या खोलीत आडवी झाली. तिच्या उशाला ते हिरवं लुगडं होतं. मेलेल्या माणसासाठी घराबाहेर काढलेलं लुगडं परत नेत नाहीत आणि नेसतही नाहीत, त्याचं काय करावं हे कुणालाच कळेना. "ठिवते पेटीत," मावशी म्हणाली. "आज न्हाई तर उद्या लागंलच. नवं आणायचा बाजार तर वाचला."

शिवकन्या स्वयंपाकघरात मावशीच्या पायाशी जाऊन बसली. "चुकलं मावशी," ती म्हणाली. मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"सासूला खरं सांग घरी गेल्यावर. माझ्यासाठी रडली आसंल बिचारी."

"सांगते."

"दोन मिंट मलाबी बरं वाटलं," मावशी म्हणाली. "मेल्यावर रडायला कोण येतं ते जितेपणी कुणाला दिसतं? मला दिसलं. एकटी गुरम्माच आली." ती थोडी हसली. मग तिनं भाकरी फुगेपर्यंत शेकली. "लॉज कुठं म्हणालीस?"

"वजिराबादेत. टॉकीजच्या मागं."

"मंजे इथंच की."

शिवकन्येची मान वर होईना.

"माडीवरची तुझी खोली तशीच हाय. झाडून ठेवते मी रोज. आले असतेव, कडी लावून बसले असतेव, मी काहून म्हून इचारलं नसतं. तुझ्या काकालाबी खाली बसवून ठिवलं असतं." मावशीनं भाकरी तिच्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि रागाचा एकही सूर न लावता म्हणाली, "मला मारून टाकायचं सुचलं तुला बाई. माझ्याकडं यायचं काही सुचलं न्हाई."

आणि ती दुसरी भाकरी थापायला वळली. शिवकन्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसली.